मशेरी, हिरड्या आणि नवजात बालक : बीड जिल्ह्यातील संशोधनाचा एक प्रश्न

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी मशेरीचा उपयोग करतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, तिची पूड करावयाची आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावावयाची, एवढीच तिची कृती. काही भागांत हिलाच मिसरी म्हणतात. दात दुखतो म्हणून, सकाळी पोट साफ व्हावे म्हणून, किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया लावतात म्हणून तिचा आरंभ होतो; पुढे तिच्यावाचून दिवस उजाडत नाही आणि सवयीचे रूपांतर व्यसनात होते. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून जी पाहणी १९७२ साली प्रसिद्ध केली, तीत सुमारे निम्म्या स्त्रिया धुराविना तंबाखू सेवन करणाऱ्या आढळल्या, आणि त्यांतील बहुतेकींच्या सेवनाचे रूप मशेरी हेच होते. २०१६–१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसून आले. प्रमाण घटले आहे. प्रश्न मात्र संपलेला नाही.

या चिमूटभर पुडीकडे दंतवैद्य, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे तिघेही पाहतात. परंतु प्रत्येकाची दृष्टी आपल्या अवयवापुरती असते. दंतवैद्याला मागे सरकलेली हिरडी दिसते, प्रसूतितज्ज्ञाला अपुऱ्या दिवसांची प्रसूती दिसते आणि बालरोगतज्ज्ञाला अडीच किलोहून कमी वजनाचे मूल दिसते. या तीन गोष्टींत खरोखर काही कार्यकारणसंबंध आहे काय, असल्यास तो कोणत्या मार्गाने घडतो, आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्याचा शोध कसा घ्यावयास हवा, याचा विचार पुढे केला आहे. हा विचार केवळ तात्त्विक नव्हे. ज्या मार्गाला कारण ठरवावे त्यावर उपाय अवलंबून राहतो, आणि उपाय चुकला तर त्याची किंमत मातेला व बालकाला मोजावी लागते.

दोन संभाव्य मार्ग

मुखाचा गर्भाशयाशी संबंध दोन मार्गांनी कल्पिता येतो. पहिला मार्ग दाहाचा होय. गर्भावस्थेत संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या सुजणे व त्यांतून रक्त येणे ही सामान्य गोष्ट आहे. हा दाह खोलवर जाऊन दाताभोवतालच्या ऊतींचा व हाडाचा नाश होऊ लागला, म्हणजे तेथील जंतू आणि दाहजनक द्रव्ये रक्तप्रवाहात मिसळून गर्भवेष्टनापर्यंत पोहोचतील व कळा वेळेपूर्वी सुरू होतील, अशी ही उपपत्ती आहे. दुसरा मार्ग निकोटिनाचा. मशेरीतील निकोटिन तोंडाच्या नाजूक अंतस्त्वचेतून रक्तात शिरते, वारेतून गर्भापर्यंत जाते आणि रक्तवाहिन्या आकसवून त्याच्या पोषणात व्यत्यय आणते.

दोन्ही मार्गांचा उगम तोंडातच असल्यामुळे त्यांची गल्लत होणे सहज शक्य आहे. जिच्या हिरड्या बिघडलेल्या आहेत तीच बहुधा मशेरी लावणारी असते. शिवाय येथे कारण व कार्य यांची अदलाबदलही होऊ शकते. मशेरीने हिरड्या बिघडतात हे जितके खरे, तितकेच दात दुखतो म्हणून मशेरी जवळ केली जाते हेही खरे. एकाच दिवशी केलेल्या तपासणीवरून यांतील आधी काय व मागाहून काय हे सांगता येत नाही.

हिरड्यांच्या मार्गाची परीक्षा

पहिल्या उपपत्तीचा इतिहास संशोधनाच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावा असा आहे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात ऑफेनबाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली १२४ मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या हिरड्यांचा रोग बळावलेला होता त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या प्रसूतीची शक्यता सातपटीहून अधिक आढळली. सातपट ही संख्या लहान नव्हे. पुढे चिली देशात लोपेझ यांनी केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भावस्थेत हिरड्यांवर उपचार केल्याने असे जन्म पुष्कळच घटल्याचे दिसले. गर्भवतीचे दात स्वच्छ करावेत आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती टाळाव्यात, इतका सोपा मार्ग सापडला असे अनेकांना वाटले.

परंतु अधिक मोठ्या चाचण्यांनी ही आशा खरी ठरविली नाही. मिखालोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हिरड्यांचा रोग असलेल्या ८२३ गर्भवतींची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छया दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर एकविसाव्या आठवड्यापूर्वी उपचार झाले, तर दुसऱ्या गटावर प्रसूतीनंतर. हिरड्या सुधारल्या, उपचारांपासून अपाय झाला नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण एका गटात १२.० टक्के तर दुसऱ्यात १२.८ टक्के निघाले. म्हणजे व्यवहारतः काहीच भेद उरला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,८०० स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता, आणि ती चाचणी स्वतः ऑफेनबाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनीच केलेली होती. आपल्याच उपपत्तीची इतकी कठोर परीक्षा घेणे हे शास्त्रीय प्रामाणिकपणाचे उदाहरण होय.

यावरून दंतोपचार निरर्थक ठरत नाहीत. गर्भवतीच्या दुखऱ्या दाताला उपचार मिळाला पाहिजे, कारण तो तिचा दात आहे आणि वेदनाही तिची आहे. मात्र त्या उपचाराने मूल पूर्ण दिवसांचे व भरल्या वजनाचे होईल, असे आश्वासन देण्यास आधार नाही. सहसंबंध कितीही मोठा असला तरी तो कार्यकारणभाव नव्हे, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे प्रत्यक्ष अर्थ घेऊन उभे राहते.

तंबाखूच्या मार्गाचा पुरावा

दुसऱ्या उपपत्तीची स्थिती निराळी आहे. प्रकाश गुप्ता व एस. श्रीविद्या यांनी मुंबईत घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गर्भवतींची नोंद केली आणि प्रसूतीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया धुराविना तंबाखू वापरीत होत्या, आणि त्यांत मशेरीचे प्रमाण सर्वाधिक होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, इतर घटकांचा हिशेब केल्यानंतरही, तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आणि गर्भकाल सरासरी ६.२ दिवसांनी कमी आढळला. याच स्त्रियांच्या नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात मृतजन्माचे प्रमाण तंबाखू वापरणाऱ्यांत ८.९ टक्के, तर न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के असल्याचे दाखविण्यात आले.

१०५ ग्रॅम हे वजन तळहातावर घेतले तर क्षुल्लक वाटेल. पण लोकसंख्येचा विचार सरासरीवर थांबत नाही. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम होते. कमी वजनाची सीमा २,५०० ग्रॅमची. जेथे सरासरीच सीमेच्या इतकी निकट आहे, तेथे सर्व वजने शंभर ग्रॅमने खाली सरकली की काठावरची पुष्कळ बालके सीमेपलीकडे जातात. ज्या समाजात सरासरी साडेतीन किलोची असते तेथे हाच फरक फारसा जाणवणार नाही. त्याच तंबाखूचा त्याच प्रमाणातील परिणाम गरीब मातेच्या मुलाला अधिक महाग पडतो, तो असा.

स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवावयाच्या तंबाखूवर झालेला अभ्यास या निष्कर्षाला बाहेरून दुजोरा देतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी ३९ ग्रॅमने हलकी आढळली व अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. देश वेगळा, आहार वेगळा, आर्थिक स्थिती वेगळी, धूर तर नाहीच. तरी परिणामाची दिशा तीच. त्यामुळे मुंबईतील निष्कर्ष केवळ दारिद्र्याची छाया होय, असे म्हणणे कठीण होते.

तिसरा घटक : श्रम

तथापि मुंबईचा निष्कर्ष बीडला जसाच्या तसा लावता येईल काय? येथे एक तिसरा घटक आडवा येतो, तो म्हणजे शारीरिक श्रम. वर उल्लेखिलेल्या पुण्याजवळील खेड्यांच्या अभ्यासात गर्भवतीच्या श्रमांचा भार जितका अधिक, तितके बालकाचे जन्मवजन कमी, असा संबंध आढळला होता. तेथील श्रम शेतातील व घरातील होते. बीडच्या ऊसतोड स्त्रीचे श्रम त्याहूनही कठोर आहेत.

बीड जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटाच्या रांगा गेल्या आहेत. पाऊस अल्प, जमीन हलकी. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडावयाची असते. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; त्यामुळे स्त्री बसून राहिली तर कोयता अर्धा होतो, आणि एक दिवसाचा खाडा झाला तर त्याचा दंड पडतो. पहाटेच्या अंधारात फडावर जाणे, वाकून ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढविणे, आणि रात्री कोपीवर परतून चूल पेटविणे हा तिचा दिनक्रम. मशेरी भूक व थकवा मारते अशी समजूत असल्याने ती अशा जीवनात सहज रुजते. मग ज्या स्त्रीचे श्रम सर्वांत अधिक तिचीच मशेरीही सर्वांत अधिक, असे घडले तर हलके मूल कोणाच्या खाती मांडावे? मशेरीच्या, मोळीच्या, की रक्तक्षयाच्या? हे तिन्ही घटक एकाच वेळी मोजल्यावाचून उत्तर मिळावयाचे नाही.

हंगाम आणि गर्भकाल

येथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. शेवटच्या पाळीपासून धरल्यास गर्भकाल २८० दिवसांचा, म्हणजे नऊ महिन्यांहून थोडा अधिक. ऊसतोडीचे कुटुंब गावी फार तर सहा-सात महिने असते. तेव्हा अशा कुटुंबातील स्त्रीची कोणतीही पूर्ण दिवसांची गर्भावस्था संपूर्णपणे गावी पार पडणे शक्यच नाही. तिचा निदान दोन महिन्यांचा भाग हंगामात येतोच. ती फडावर गेली तर तो काळ फडावर जातो, आणि मागे राहिली तर पतीवाचून, बहुधा वृद्ध सासूसासऱ्यांसमवेत व घटलेल्या मिळकतीत जातो.

संशोधकाच्या दृष्टीने याचे परिणाम गंभीर आहेत. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्ह्यातील अन्य कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत ज्या प्रसूती आढळतील, त्या तेथवर पोहोचलेल्या स्त्रियांच्याच असणार. हंगामात अशा नोंदी मुख्यतः मागे राहिलेल्यांच्या असतात. मागे कोण राहते? जिच्या घरी कोणी सांभाळणारे आहे ती, जिला उचल नव्हती ती, किंवा जिची प्रकृती आधीच बिघडली आहे ती. गेलेल्या व राहिलेल्या स्त्रिया मुळातच भिन्न असल्यामुळे त्यांची तुलना करून श्रमांचा परिणाम काढू गेल्यास दिशाभूल होण्याचा संभव आहे.

त्यात कायद्याची एक तरतूद भर घालते. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमानुसार घटना जेथे घडली तेथे ती नोंदली जाते. बीडच्या मातेचे मूल कोल्हापूरच्या फडावर जन्मले व दगावले, तर त्याची नोंद झालीच तर ती कोल्हापुरात व्हावयाची. जिल्ह्याच्या कागदांत ते मूल जन्मतही नाही आणि मरतही नाही. अशा कागदांवरून काढलेला मृत्युदर कितीही काटेकोर गणिताने काढला, तरी त्याचा छेदच अपुरा राहतो.

दाराशी जाऊन केलेली गणना

रुग्णालयाच्या दारात बसून केलेली गणना आणि घराच्या दाराशी जाऊन केलेली गणना यांत किती अंतर पडते, हे महाराष्ट्रातच दोनदा सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकडून नवजात बालकांची घरी शुश्रूषा करविली व ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सेवा मिळालेल्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ पर्यंत उतरला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. या यशाच्या मुळाशी औषधाइतकीच गणनाही होती. प्रत्येक गर्भवती, प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू गावातच टिपला गेला, म्हणून परिणाम दाखविता आला.

बीडमध्ये अशी गणना उशिरा झाली तेव्हा काय दृष्टीस पडले, तेही सर्वांना ठाऊक आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली देशभर झाल्यावर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांचे, गर्भाशय काढलेले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५–१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत राज्याचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट व पद्धती एक नसल्याने ही तुलना जपून करावयास हवी. तरी इतके अंतर केवळ पद्धतीने पडत नाही. प्रत्येक शस्त्रक्रिया कोठे ना कोठे नोंदलेली असणारच. तथापि सुट्या नोंदी म्हणजे ज्ञान नव्हे. त्या स्त्रियांना एक समूह मानून मोजीपर्यंत हे प्रमाण कोणासच दिसले नव्हते.

अभ्यासाची रूपरेषा

या साऱ्यावरून बीडमधील योग्य अभ्यासाची लक्षणे निश्चित करता येतात. पहिले लक्षण हे की, अभ्यासाचे एकक रुग्णालय नसून स्त्री असावी, आणि नोंद करणारी कार्यकर्ती हंगामात तिच्यामागे फडापर्यंत गेली पाहिजे. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला आधीच ठाऊक असते. म्हणून मागोवा घेणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. दुसरे, शेवटच्या पाळीची तारीख दरमहा घरी जाऊन टिपावी. ती प्रसूतीच्या वेळी आठवून सांगितली तर मूल अपुऱ्या दिवसांचे की पूर्ण दिवसांचे पण खुरटलेले, हा भेदच करता येत नाही. आणि तंबाखूच्या परिणामाचा विचार करताना तोच भेद मुख्य आहे. तिसरे, मशेरीच्या वापराबद्दल केवळ विचारून थांबू नये. मोठ्यांसमोर स्त्री संकोचाने नाकारते. लाळेतील कोटिनिन हे निकोटिनाचे अवशिष्ट द्रव्य मोजल्यास उत्तराची शहानिशा होते. चौथे, हिरड्यांच्या तपासणीत केवळ रक्तस्रावावर विसंबू नये. धूम्रपान करणाऱ्यांत रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते असे आढळले आहे. मशेरीनेही तसे होते काय, हे गृहीत न धरता तपासावयास हवे. पाचवे, मृतजन्म व पहिल्या महिन्यातील मृत्यू यांची नोंद जन्मवजनाइतक्याच काळजीने व्हावी. केवळ जिवंत बालकांची वजने मोजणारा अभ्यास सर्वांत मोठी हानी गणनेबाहेर ठेवतो.

कार्यकारणभावाचा अंतिम निर्णय यदृच्छ वाटपाच्या चाचणीनेच लागू शकतो. मशेरी लावण्यास कोणाला सांगणे अर्थातच अनीतीचे होय, आणि ती सोडण्याचा सल्ला कोणापासून रोखून ठेवणेही तसेच. पण व्यसन सोडविण्यासाठी नियमित साहाय्य करण्याचा कार्यक्रम काही गटांत आधी व काही गटांत मागाहून सुरू करता येईल. असे वाटप एकेका स्त्रीचे न करता एकेका टोळीचे करणे इष्ट, कारण एका टोळीतील स्त्रिया एकाच डबीतील मशेरी वापरतात आणि एकीला मिळालेला सल्ला संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतो. साहाय्य मिळालेल्या टोळ्यांत कोटिनिन घटले आणि जन्मवजन वाढले, तर श्रम सारखेच असताना मशेरीचा वाटा किती हे स्पष्ट होईल. कोटिनिन घटूनही वजन हलले नाही, तर दृष्टी मोळीकडे व ताटाकडे वळवावी लागेल.

या निर्णयाला शास्त्रापलीकडेही महत्त्व आहे. हिरड्या हे कारण ठरले तर उपाय दंतवैद्याच्या हाती; मशेरी ठरली तर तो बऱ्याच अंशी आरोग्य कार्यकर्त्यांच्या व त्या स्त्रीच्या हाती; श्रम ठरले तर मात्र उचल, खाडा आणि कोयता यांच्या व्यवस्थेलाच हात घालावा लागेल. यांतील पहिले दोन उपाय स्वस्त व सोयीचे आहेत, म्हणून पुरावा अपुरा असताना त्यांच्याकडेच कल झुकण्याचा धोका आहे. तसे झाले तर डोक्यावरची मोळी तशीच राहील आणि हलक्या मुलाचा दोष मातेच्या बोटावरील काळ्या पुडीला दिला जाईल. त्या पुडीचा दोष किती व मोळीचा किती, हे तोलून सांगणे हेच येथील संशोधनाचे कार्य आहे. आणि ते तोलण्यासाठी त्या मातेच्या मागोमाग फडापर्यंत जाण्यावाचून अन्य मार्ग नाही.